परळच्या लॅबमधली ल्यूसी

कॉलेजमध्ये हिमोग्लोबिन तपासणीचं शिबिर लागतं, तो दिवस आठवून बघा. लायब्ररीबाहेर दोन टेबलं, बोटाला टोचणाऱ्या ताई, कापसाचा बोळा, रांगेत मुलींची कुजबुज आणि शेवटी हातात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर फक्त आकडा. कुणाचा 10.4, कुणाचा 9.2, कुणाचा थेट 8.7. रक्त कमी आहे, पालक खा, बीट खा, गूळ-शेंगदाणे खा, असं सांगून ताई पुढच्या मुलीचं बोट धरतात.

त्या चिठ्ठीचं पुढे तुम्ही काय केलंत? खरं सांगा. माझी चिठ्ठी मीडिया लॉच्या पुस्तकात दोन सेमिस्टर बुकमार्क म्हणून राहिली. आकडा होता 9.1.

यात आपण एकट्या नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्क्यांहून जास्त जणींना ॲनिमिया आहे. म्हणजे तुमच्या बाकावर दोघी बसल्या असाल तर एकीचा नंबर लागलाच म्हणून समजा. इतकं कॉमन आहे म्हणूनच कुणी सिरीयसली घेत नाही. चक्कर आली तर उन्हामुळे, धाप लागली तर व्यायाम नाही म्हणून, केस गळतात तर पाणी बदललं म्हणून. बुलढाण्यात हॉस्टेलवर राहणाऱ्यांना ही तिन्ही कारणं पाठ असतील.

आज ज्या बाईबद्दल सांगणार आहे, तिने साधारण 95 वर्षांपूर्वी मुंबईत, परळला, अशाच फिकट चेहऱ्याच्या बायकांचं रक्त काचेवर घेतलं. रक्त किती आहे, यावर ती थांबली नाही. शरीर नवीन रक्त बनवतंय का, हा दुसरा प्रश्न तिने विचारला. आणि त्याचं उत्तर शोधायला ती रोज बसून कोवळ्या पेशी मोजायची.

तिचं नाव ल्यूसी विल्स.

तिच्या गोष्टीआधी या कोवळ्या पेशी समजून घेऊ, नाहीतर पुढची सगळी मजा जाईल. आपल्या तांबड्या पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. तयार होता होता पेशी आपलं केंद्रक बाहेर टाकून देते आणि रक्तात उतरते. पण उतरते तेव्हा ती पूर्ण पिकलेली नसते. प्रथिनं बनवण्याच्या कामातला थोडा आरएनए तिच्यात शिल्लक असतो. साध्या स्लाइडवर तो नीट दिसत नाही. मिथिलीन ब्लूसारखा निळा रंग घातला की तोच आरएनए पेशीच्या आत जाळीसारखा उमटतो. लॅटिनमध्ये जाळीला रेटिक्युलम म्हणतात, म्हणून या पेशीचं नाव रेटिक्युलोसाइट. एक-दोन दिवसांत जाळी विरते आणि पेशी मोठ्यांच्या गर्दीत मिसळते. मग साधारण 120 दिवस तिची ड्युटी. रोज शंभरातली एखादी पेशी निवृत्त होते आणि तिच्या जागी एखादी नवीन येते. त्यामुळे निरोगी माणसाच्या रक्तात या कोवळ्या पेशी अर्धा ते अडीच टक्के असतात.

कॉलेजच्या भाषेत सांगू? समजा कॉलेजची एकूण पटसंख्या घसरली. कारणं दोन असू शकतात. एक तर नवीन ॲडमिशनच होत नाहीयेत. किंवा ॲडमिशन जोरात आहेत, पण मुलं मधूनच सोडून जातायत. एकूण पट बघून हे कळणार नाही. त्यासाठी वर्गात जाऊन एफवायची मुलं मोजावी लागतील. हिमोग्लोबिन म्हणजे एकूण पट. रेटिक काउंट म्हणजे एफवाय. हिमोग्लोबिन कमी आणि एफवायही कमी, म्हणजे कारखाना बंद आहे, कच्चा माल नाही. हिमोग्लोबिन कमी पण एफवाय भरपूर, म्हणजे माल बनतोय पण पेशी फुटतायत किंवा कुठून तरी रक्त जातंय. विदर्भात सिकलसेलचे पेशंट बरेच आहेत, त्यांच्यात हेच होतं. विळ्याच्या आकाराची ती पेशी 120 दिवस टिकत नाही, जेमतेम 10 ते 20 दिवसांत संपते. मग बिचारा मगज रात्रंदिवस ओव्हरटाइम करतो आणि रक्तात कोवळ्या पेशींची गर्दी होते.

विळ्यावरून आठवलं. ल्यूसीच्या घराण्याचा धंदा विळे-कोयते बनवण्याचाच होता! निव्वळ योगायोग, पण मला भारी वाटला.

ल्यूसीचा जन्म 10 मे 1888 चा. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर, त्याच्या शेजारचं सटन कोल्डफील्ड हे तिचं गाव. घर खाऊनपिऊन सुखी. वडील सायन्स ग्रॅज्युएट, आईचे वडील नावाजलेले डॉक्टर, भाऊ पुढे भूगर्भशास्त्रज्ञ झाला. मुलींनी शिकावं असं मानणारं घर होतं, आणि त्या काळात अशी घरं तिकडेही मोजकीच. आधी चेल्टनहॅमच्या मुलींच्या शाळेत, मग 1907 मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात. विषय वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. 1911 मध्ये तिने परीक्षा दिली, पासही झाली. डिग्री मात्र मिळाली नाही. का? ती मुलगी होती म्हणून. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला 1948 उजाडलं, तोवर ल्यूसी नोकरीतून रिटायरही झाली होती.

त्याच 1911 मध्ये वडील गेले. दोन वर्षांनी बहीण गेली, ती 26 वर्षांची होती. या काळात ल्यूसी नेमकं काय करत होती तर फार काही नाही. आईबरोबर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जाऊन आली. मग एका मैत्रिणीबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेली. पंचविशीतली मुलगी, हातात अर्धवट शिक्षण, घरात दोन मृत्यू आणि पुढे काय हे माहीत नाही. ग्रॅज्युएशननंतर गॅप पडली म्हणून घरी बोलणी खाणाऱ्यांनी ही वर्षं नीट वाचावीत.

आफ्रिकेत असतानाच पहिलं महायुद्ध सुरू झालं. केपटाउनमध्ये तिने स्वयंसेवक म्हणून नर्सिंगचं काम केलं आणि तिथेच गाडी रुळावर आली. जानेवारी 1915 मध्ये, वयाच्या 26 व्या वर्षी, तिने लंडनच्या बायकांसाठीच्या मेडिकल स्कूलमध्ये नाव घातलं. हे तेच कॉलेज जिथे आपल्या डॉ. रखमाबाई तिच्या 25 वर्षं आधी शिकून गेल्या होत्या. बालपणी लावून दिलेलं लग्न कोर्टात नाकारणाऱ्या रखमाबाई. 1920 मध्ये ल्यूसी डॉक्टर झाली तेव्हा ती 32 वर्षांची होती.

दवाखाना तिने टाकला नाही. रॉयल फ्री हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती संशोधनाला लागली. विषय होता गरोदरपणात शरीरात काय काय बदलतं. आठ वर्षं शांतपणे हेच. मग 1928 मध्ये भारतातून बोलावणं आलं.

डॉ. मार्गारेट बाल्फोर या भारतात बरीच वर्षं काम केलेल्या डॉक्टर. इथे बाळंतपणात बायका का मरतात याची चौकशी सुरू झाली होती. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन, म्हणजे आजच्या आयसीएमआरचं जुनं रूप, तिला पैसा देत होतं. बाल्फोरबाईंच्या लक्षात आलं होतं की गरोदर बायकांमध्ये एक भयानक ॲनिमिया दिसतो. बाई पांढरीफटक पडते, अंगावर सूज येते, अन्न जात नाही आणि बरेचदा बाळंतपणाच्या आसपास ती जाते. याचं कारण शोधायला ल्यूसी चाळिसाव्या वर्षी मुंबईत आली. राहायला आणि कामाला परळ, हाफकिन इन्स्टिट्यूट.

हाफकिन ही मूळची प्लेगची लॅब, जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये थाटलेली. आजूबाजूला सगळा गिरणगाव. ल्यूसी आली त्याच 1928 मध्ये गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला होता. आपल्या बाजूचा कापूसही मुंबईच्याच वाटेने जायचा. खामगावची कापसाची बाजारपेठ तेव्हा एवढी मोठी की जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकून 1870 मध्ये रेल्वे आणली होती. गाठी इथून जायच्या आणि तिकडच्या गिरण्यांमध्ये त्यांचं सूत व्हायचं. त्या गिरणगावातल्या आणि आसपासच्या गरीब वस्त्यांमधल्या बायका ल्यूसीच्या पेशंट होत्या.

तिने पहिलं काम केलं ते स्वयंपाकघरात डोकावण्याचं. एस. एन. तळपदे यांच्यासोबत तिने मुंबईतल्या बायका काय खातात, कशा राहतात याची पाहणी केली. मानेक मेहता या दुसऱ्या सहकारी. ही नावं मुद्दाम लिहितेय, कारण ल्यूसीच्या गोष्टीत ती सहसा येत नाहीत. पाहणीत दिसलं ते असं: हा आजार सरसकट सगळ्यांना नाही. गरीब घरांत जास्त, त्यातही गरीब मुस्लिम बायकांमध्ये सगळ्यात जास्त. त्यांच्या ताटात प्रथिनं कमी, ताजी भाजी आणि फळं तर नावालाच. तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना यामागे जंतू किंवा एखादं विष असेल असं वाटायचं. ल्यूसीचा संशय ताटावर गेला.

संशय सिद्ध कसा करायचा? तिने उंदरांना त्या बायकांसारखंच जेवण दिलं. उंदरांना ॲनिमिया झाला. जेवणात यीस्ट मिसळलं तर झाला नाही. वाटलं ना, सुटलं कोडं? तसं नव्हतं. नंतर लक्षात आलं की उंदरांच्या अंगावर उवा होत्या, आणि उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूमुळेही उंदरांचं रक्त कमी होत होतं. म्हणजे निकालात भेसळ. इतके महिने घालवलेला प्रयोग डोळ्यांदेखत डळमळीत झाला तर तुम्ही-आम्ही काय केलं असतं? तिने तोच प्रश्न पुढे माकडांवर तपासला, नव्याने, पहिल्यापासून.

मधल्या काळात तिची धावपळ चालूच. 1929 मध्ये काही महिने नीलगिरीतल्या कुन्नूरला, पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. 1931 च्या सुरुवातीला मद्रासच्या एका बायकांच्या हॉस्पिटलात. उन्हाळ्यात लंडन, परत मुंबई.

आता मुख्य गोष्ट. या बायकांच्या स्लाइडवर पेशी कमी होत्याच, पण ज्या होत्या त्या अवाढव्य होत्या. लोह कमी असेल तर पेशी लहान आणि फिकट होतात. इथे उलट. मगजाला पेशी मोठी करता येत होती, पण तिचे दोन भाग करता येत नव्हते. आज आपल्याला माहीत आहे की विभागणीसाठी डीएनएची नवी प्रत लागते आणि ती बनवायला फोलेट लागतं. गरोदरपणात बाळही तेच मागतं, त्यामुळे आईचा साठा आधी संपतो. ल्यूसीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला फक्त मोठ्या पेशी दिसत होत्या आणि कोवळ्या जवळजवळ दिसतच नव्हत्या. ॲडमिशन बंद!

असाच मोठ्या पेशींचा एक आजार पाश्चात्त्य देशांत होता, पर्निशस ॲनिमिया. त्यावर 1926 मध्ये अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी इलाज शोधला होता: पेशंटला रोज भरपूर लिव्हर खाऊ घालायचं. पुढे 1934 मध्ये त्यांना व्हिपल यांच्याबरोबर नोबेलही मिळालं. लिव्हर लागू पडलं की नाही हे ते कसं ओळखायचे? कोवळ्या पेशी मोजून. हिमोग्लोबिन चढायला आठवडे लागतात, पण मगज जागा झाला की रेटिक काउंट काही दिवसांतच उसळी मारतो. वाचक म्हणून एक क्षण थांबा आणि याची किंमत बघा. पेशंट मरणाच्या दारात आहे, आठवडे नाहीत. औषध बरोबर की चूक हे चार-पाच दिवसांत सांगणारी खूण तुमच्या हातात आहे, आणि ती कुठल्याही बऱ्या मायक्रोस्कोपखाली दिसते.

ल्यूसीने हीच खूण वापरली. लिव्हर महाग, ते या बायकांना रोज कुठून परवडणार? तिने यीस्टचा अर्क दिला. मार्माइट नावाचा. बिअरच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून बनवलेला काळपट, चिकट, खारट लगदा. इंग्लंडमध्ये 1902 पासून मिळायचा, लोक ब्रेडला लावून खायचे. एकदम स्वस्त. चव म्हणाल तर ज्यांना आवडतो त्यांना फार आवडतो, बाकीचे तोंड वाकडं करतात.

बायकांना मार्माइट सुरू झालं. रोज रक्त घ्यायचं, काचेवर थेंब, निळा रंग, आणि मोजणी. तुम्ही कधी ही मोजणी पाहिली नसेल तर सांगते, कारण या लेखासाठी मी एका लॅबमध्ये बसून पाहिली. मायक्रोस्कोपमध्ये गोल चकत्यांची रांगोळी दिसते. एक-एक चकती बघत जायची. हिच्यात जाळी आहे? नाही. हिच्यात? नाही. अशा साधारण हजार पेशी. साठाव्या पेशीला माझे डोळे भरून आले. मग एक सापडली, फिकट हिरव्या-निळ्या चकतीत निळ्या धाग्यांचा गुंता. टेक्निशियन दादा हसले, त्यांना रोजचंच ते. मोठ्या लॅबमध्ये हे काम आता मशीन करतं. ल्यूसीकडे मशीन नव्हतं.

पहिले दोन-तीन दिवस विशेष काही नाही. मग बायकांना भूक लागू लागली. आणि चौथ्या दिवसाच्या आसपास काचेवर कोवळ्या पेशी वाढायला लागल्या. जाळीवाल्या पेशी, एकामागोमाग एक. त्यांच्यामागून मग एकूण पेशी वाढल्या, हिमोग्लोबिन वाढलं. 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिने हे छापलं: उष्टं-खरकटं म्हणावं अशा भट्टीच्या गाळात काहीतरी आहे, जे या बायकांना वाचवतं.

काहीतरी म्हणजे काय? इथे तिचं दुसरं मोठं काम. पर्निशस ॲनिमियासाठी लिव्हरचा शुद्ध केलेला अर्क मिळू लागला होता. तो दिला तर या बायकांमध्ये फरक पडेना. कच्चं लिव्हर किंवा मार्माइट दिलं की पडे. शुद्ध करताना जे बाहेर फेकलं जात होतं, तेच हिला हवं होतं. म्हणजे पेशी दोन्हीकडे सारख्याच दिसत असल्या तरी आजार दोन आहेत आणि कमी पडणारे पदार्थही दोन आहेत. सगळं जग एका इलाजाच्या मागे असताना असं सांगायला स्वतःच्या मोजणीवर विश्वास लागतो. त्या अनोळखी पदार्थाला लोक विल्स फॅक्टर म्हणू लागले.

पुढे तो सापडला, पण तिच्या हातून नाही. 1941 मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक पदार्थ वेगळा काढला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून नाव फोलिक ॲसिड. 1945 मध्ये तो कारखान्यात बनवता आला, तो अमेरिकेत राहणाऱ्या यल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्रच्या माणसाच्या टीमला. आणि शुद्ध अर्कातला दुसरा पदार्थ 1948 मध्ये हाती आला, तो बी-12. ल्यूसीने दोघांमधली रेघ आधीच ओढून ठेवली होती.

ही रेघ माझ्या कामाची निघाली, म्हणून थोडं माझं सांगते. 9.1 नंतर मी तीन महिने इमानदारीत लोहाच्या गोळ्या घेतल्या. परत तपासलं तर 9.3. घरी सगळ्यांचं ठरलेलं, ही जेवतच नाही. मग एका डॉक्टरांनी पूर्ण सीबीसी काढायला लावला आणि सोबत रेटिक काउंट. रिपोर्टमध्ये एमसीव्ही म्हणून एक रकाना असतो, पेशीचा सरासरी आकार. 80 ते 100 पाहिजे, माझा 108. रेटिक 0.4. म्हणजे पेशी मोठ्या आणि नवीन भरती बंद. लोहाचा इथे संबंधच नव्हता. पुढच्या तपासणीत बी-12 खाली निघालं. घरात माळकरी, अंडंही वर्ज्य, आणि हॉस्टेलवर दूध-दही नावापुरतं. इंजेक्शनं सुरू झाल्यावर आठवड्याने रेटिक साडेपाच टक्के होता. हिमोग्लोबिन तेव्हा जागचं हललंही नव्हतं, पण डॉक्टर खूश. मला तेव्हा कळेना की एवढं खूश व्हायचं काय आहे.

यात एक धोका आहे, तो नक्की वाचा. बी-12 कमी असताना कुणी नुसतं फोलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण आत नसांची झीज चालूच राहते. हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, आणि उशीर झाला तर ते पूर्ण भरून येत नाही. त्यामुळे हा लेख वाचून मेडिकलवर जाऊन स्वतःच गोळ्या आणू नका. आकार मोठा की लहान, नवीन पेशी येतायत की नाही, हे आधी बघू द्या. मुलांनो, तुम्हीही. रांग मुलींची असते म्हणून तुमचं रक्त आपोआप चांगलं होत नाही.

परत ल्यूसीकडे. 1933 मध्ये ती लंडनला परतली. मन मात्र हाफकिनमध्ये अडकलेलं असावं, कारण नोव्हेंबर 1937 मध्ये ती दहा आठवड्यांसाठी पुन्हा आली. या वेळी विमानाने! साउदॅम्प्टनहून कराचीपर्यंत पाच दिवस, वाटेत कितीतरी थांबे. दुसऱ्या महायुद्धात ती लंडनमध्येच पॅथॉलॉजिस्ट होती. जुलै 1944 मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलवर जर्मनांचा उडता बॉम्ब पडला. युद्ध संपेपर्यंत तिने तिथे रक्तविकारांचा विभाग उभा केला आणि 1947 मध्ये निवृत्त झाली.

निवृत्तीनंतर बागकाम? अजिबात नाही. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका, जिथे जिथे कुपोषण आणि ॲनिमिया तिथे तिथे ती गेली. लग्न केलं नाही. डोंगर चढायची, बर्फात स्कीइंग करायची, कामावर सायकलने जायची. शेवटच्या दहा वर्षांत ती लंडनमधल्या चेल्सीची नगरसेविका होती, मजूर पक्षाची. 16 एप्रिल 1964 ला ती गेली, 75 वर्षांची होऊन. नोबेल नाही. फार मोठं नावही नाही.

तिच्या फॅक्टरचं सगळ्यात मोठं काम तर ती गेल्यावर कळलं. बाळाचा मज्जारज्जू आणि मेंदू ज्या नळीपासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या 28 दिवसांत मिटते. बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने एका मोठ्या चाचणीचा निकाल दिला. ज्यांना आधी असं व्यंग असलेलं बाळ झालं होतं, त्या बायकांनी गर्भ राहण्याआधीपासून फोलिक ॲसिड घेतलं तर तो धोका 72 टक्क्यांनी कमी होतो. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी आठवते? बाकाखाली टाकून द्यायचो ती. तिच्यात लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. आणि फुकटात हवं असेल तर मूग, हरभरा, शेंगदाणे, पालेभाज्या आहेतच. फक्त भाजी उकळून ते पाणी मोरीत ओतायचं नाही, फोलेट त्या पाण्यात उतरतं.

ज्या बायकांनी रोज बोट पुढे केलं, त्यांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. त्यातल्या किती जणी धडधाकट घरी गेल्या, त्यांची बाळं पुढे काय झाली, परळच्या कुठल्या चाळीत वाढली, काही माहीत नाही. मार्माइटची चव त्यांना कशी लागली असेल हे मला सगळ्यात जास्त विचारायचं होतं.

10 मे 2019 ला, तिच्या 131 व्या वाढदिवशी, गुगलने ल्यूसीचं डूडल केलं. मी तेव्हा दहावीच्या निकालाची वाट बघत होते. माझ्या स्क्रीनवर आलं असेल तरी पुढे स्क्रोल केलं असणार.

हाफकिन अजून परळलाच आहे. मलकापूर-शेगावहून विदर्भ एक्स्प्रेसने पेशंट घेऊन केईएमला किंवा टाटाला गेलेल्यांना तो भाग पाठ असतो, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. आजोबांच्या तपासण्यांसाठी आम्हीही गेलो होतो. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता, म्हणून मी आणि बाबा हाफकिनच्या भिंतीला लागून उभे राहून दोनदा चहा प्यायलो.